डावीकडचं हं

बाबांचा डावा डोळा म्हणजे मी. हे मी प्रेमाबिमात येऊन बोलत नाहीये, खरंच मीच. टेम्पोत ते उजवीकडे स्टिअरिंगवर, मी डावीकडे खिडकीला. डावीकडे वळायचं असलं की मी बाहेर मुंडी काढून बघायचं आणि म्हणायचं, "हं." हं म्हणजे मोकळं आहे, घ्या. मी गप्प म्हणजे थांबा. बस्स, एवढंच. शेजारून कोणी ऐकलं तर वाटावं, पोरगी बापाच्या बडबडीला हुंकार देतेय.

गाडी मागे घ्यायची असली की मी खाली उतरते आणि पत्र्यावर थाप मारते. एक थाप, येऊ दे. दोन थापा, थांब. हे सगळेच टेम्पोवाले करतात. पण हं आमचं दोघांचंच होतं. आईलासुद्धा माहीत नव्हतं. तिला वाटायचं, शाळा सोडल्यापासून भांडी घासायला नकोत म्हणून मी बापाच्या मागे शेपटासारखी फिरते. तेही खोटं नाही म्हणा.

डॉक्टरने काचबिंदू सांगितला तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. डॉक्टर म्हणाला, "डावा जवळपास गेलाय. गेलं ते परत येणार नाही. उजवा राहिलाय तो सांभाळा. आणि गाडी चालवत असाल तर बंद करा." बाबांनी शहाण्यासारखी मान हलवली. बाहेर आले, चावी लावली आणि म्हणाले, "ठिणगे, डावीकडे बघ."

ठिणगी म्हणजे मी. माझं डोकं पटकन पेटतं म्हणून. घरात माझं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलंय.

तेव्हापासून आम्ही असेच पाण्याचे जार टाकत होतो. ऑफिसं, दवाखाने, जिममधले ते आरशात स्वतःलाच बघणारे लोक, सगळ्यांना आमचं पाणी. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. बाबा आईला सांगायचे, डोळ्यात घालतो ते धुळीचे थेंब आहेत. आई म्हणायची, "मग गॉगल घाला की. का पोरगी सोबत असली की लाज वाटते?"

मग कुठल्यातरी एका छोट्या टेम्पोने बसची वाट बघणाऱ्या माणसांना मागे येता येता चिरडलं. टीव्हीवर दिवसभर तेच. त्या ड्रायव्हरकडे लायसन्स होतं, पण गाडी मागे घ्यायची चाचणी त्याने आयुष्यात दिली नव्हती. कोणीतरी त्याला लायसन्स घरपोच आणून दिलेलं, पिझ्झासारखं. झालं! नियम आला. छोटी मालगाडी चालवणाऱ्या प्रत्येकाची नव्याने चाचणी. आधी डोळ्यांचा तक्ता वाचायचा, मग मालासकट गाडी ट्रॅकवर फिरवायची, शेजारी तपासणी अधिकारी बसणार. ज्याच्या लायसन्सवर नवा शिक्का नाही त्याला माल देणाऱ्यावरही कारवाई.

माझं डोकं सणकलं. चिरडलं त्याने, परीक्षा आमची? पण जारच्या प्लांटवाल्याने हात वर केले. "शिक्का आणा, जार न्या. मला नका अडकवू." आणि आमच्या घरात चालणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे तो टेम्पो. माझं वय अजून भरायचं होतं. वय भरलं तरी नव्या नियमात म्हणे शाळा पूर्ण केलेली पाहिजे. शाळेचं नाव काढू नका.

चाचणीच्या सकाळी आईने बाबांचा शर्ट कडक इस्त्री केला. "इतकी वर्षं चालवताय, तुमची कसली परीक्षा? तुम्हीच त्यांना शिकवून याल," ती म्हणाली. बाबा बटणं लावत होते. डाव्या बाजूला ठेवलेला चहाचा कप त्यांच्या कोपराने उडाला. आई म्हणाली, "बघा, परीक्षेची धास्ती." मी फडकं आणायला पळाले, म्हणजे कोणाला माझं तोंड दिसायला नको.

"झालं की लगेच फोन कर गं," ती दारातून ओरडली. "मी फोन हातातच धरून बसते!"

तपासणी केंद्र म्हणजे पत्र्याच्या कुंपणातलं एक मोठं मैदान. आत डांबरी ट्रॅक, खोटे चौक, खोटा सिग्नल, खोटा चढ. लाल शंकू लावलेले. कुंपणाबाहेर टेम्पोंची रांग आणि ड्रायव्हरांचा घोळका. सगळे तोंड धुऊन आलेले, भांग पाडून, लग्नाला आल्यासारखे. त्यात एक आमच्या ओळखीचा होता, भाजीच्या क्रेट टाकायचा. सारखे केस विंचरतो म्हणून सगळे त्याला कंगवा म्हणतात.

"काय काका, अभ्यास झाला का?" कंगव्याने बाबांना विचारलं.

"पाठ केलंय सगळं," बाबा हसून म्हणाले.

आणि खरंच पाठ केलं होतं. मी कँटीन विचारायच्या निमित्ताने आत डोकावून तक्त्याची शेवटची ओळ बघून आले होते. माझे डोळे घारीचे आहेत. रांगेत उभं राहून मी ती ओळ बाबांकडून घोकून घेतली. आत उजवा डोळा झाकून त्यांनी ती धाडधाड म्हटली. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "वा! इतकी भराभर?" मला आतल्या आत गुदगुल्या झाल्या. एवढा चांगला निकाल माझा शाळेत कधी लागला नव्हता.

राहिला ट्रॅक. तिथे मी आत नसणार होते.

आम्ही ठरवलं होतं की कुंपणाशी उभं राहायचं. ट्रॅक कुंपणाला अगदी लागून फिरत होता. मी पत्र्यावर थाप मारणार, बाबा ऐकणार. पण आमच्या आधी एक चादरी-गाद्यांचा टेम्पो आत गेला. तो मागे घ्यायला लागला आणि त्याचा साथीदार सवयीने बाहेरून ओरडला, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स!" शिट्टी वाजली. टेम्पोतून तपासणीवाल्या मॅडम उतरल्या. बारीक, चष्मा, हातात पॅड. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाहेरून आवाज आला की आतला नापास. शिट्टी नाही, टाळी नाही, खोकलासुद्धा नाही. रस्त्यावर तुमचा मित्र कुंपणाला लटकलेला नसतो."

गादीवाला स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. त्याचा साथीदार स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता.

"आता?" मी बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे पूर्ण मान वळवली, तेव्हा मी दिसले. "डावी वळणं किती आहेत बघ बरं," ते हळूच म्हणाले.

ट्रॅकवर डावीच वळणं होती. पूर्ण चक्करच डावीकडून होती.

"जमेल," मी म्हटलं. काय बोलणार दुसरं? "मान जास्त वळवा. आरसा बघायचं नाटक करा."

"नाटक कशाला, आरसा बघतोच मी," ते म्हणाले. डाव्या डोळ्याने आरसा!

त्यांचा नंबर आला. मी डावं दार उघडून उतरले आणि माझ्या सीटवर मॅडम बसल्या. बाबा म्हणाले, "बसा मॅडम, सीट पुसलीय." मागे जार भरलेले, एकावर एक. टेम्पो हलला आणि मी कुंपणाला नाक लावून उभी राहिले. दोन पत्र्यांमध्ये हातभर फट होती. शेजारी कंगवा. तो सकाळीच पास झाला होता, त्यामुळे तोंड सुटलेलं.

"तुझा बाप लोण्यासारखी चालवतो गं," तो म्हणाला.

"गप बस," मी म्हटलं.

पहिलं डावं वळण आलं. बाबांनी वेग कमी केला. थांबलेच जवळपास. माझ्या तोंडातून हं निघायला लागलं आणि मी स्वतःच तोंडावर हात दाबला. आणि बघते तर काय, टेम्पो वळला! अगदी झोकात. शंकूला धक्का नाही, काही नाही.

दुसरं वळण. पुन्हा वेग कमी. पुन्हा एक क्षण थांबले. पुन्हा वळले, तितक्याच झोकात. मला कळेना. मग टेम्पो कुंपणाजवळून गेला, दोन्ही काचा खाली होत्या आणि मला ऐकू आलं. मॅडम पॅडवर खाली बघून खुणा करत होत्या आणि स्वतःशीच पुटपुटत होत्या. "आरसा... हं. इंडिकेटर... हं."

मला हसायलाच आलं. म्हणजे पोटातून. मॅडम हं म्हणतायत आणि बाबा वळतायत!

"काय झालं?" कंगव्याने विचारलं.

"काही नाही. पास होतायत," मी म्हटलं. त्या वेळी मला वाटलं, देव असेल तर त्याला चष्मा आहे आणि हातात पॅड आहे.

मागे घ्यायचंही जमलं. ती जागा उजवीकडे होती. आता फक्त शेवटचं वळण आणि मग गेट. शेवटचं वळण माझ्या समोरच, फटीच्या पलीकडे.

आणि तिथे रंगारी बसला होता.

ट्रॅकवरच्या पांढऱ्या पट्ट्या पुसट झालेल्या, त्या नव्याने मारत होता. उकिडवा बसलेला, पाठ टेम्पोकडे, शेजारी पांढऱ्या रंगाचा डबा. कानात वायर. गाणं ऐकत असणार, कारण ब्रश ठेक्यात चालला होता. सकाळपासून तो ट्रॅकभर असाच सरकत होता आणि सगळे ड्रायव्हर त्याला वळसा घालून जात होते. आमच्या वेळी तो बरोबर डावीकडच्या वळणाच्या पोटात आला होता.

बाबांनी वेग कमी केला.

मला वाटलं, मॅडम वर बघतील. मला वाटलं, रंगारी उठेल. मला वाटलं, बाबा मान वळवतील, सांगितलंय मी मान वळवा. माझा हात पत्र्यावर होता. थाप मारली तर बाबा नापास. शिक्का नाही, जार नाही. आई फोन हातात धरून बसलेली. मी मनात म्हणत होते, उठ ना रे माणसा, उठ, बूड हलव जरा.

मॅडमची मान खाली होती. त्यांचे ओठ हलले.

हं.

टेम्पो वळला.

मी दोन्ही हातांनी पत्र्यावर मारलं. धाड, धाड. अख्खं कुंपण थरथरलं. कंगवा दचकून मागे उडाला.

बाबांनी ब्रेक दाबला तो असा की मागचे जार एकमेकांवर आपटले आणि एक खाली पडून फुटला. पुढचं डावं चाक रंगाच्या डब्यावर चढलं होतं. डबा चपटा. पांढरा रंग चाकावर, डांबरावर आणि रंगाऱ्याच्या पाठीवर. त्याचा पाय चाकापासून वीतभर. वीतभरही नसेल.

मी फटीतून आत घुसले. पत्र्याने हात कापला, ते नंतर कळलं.

"पाठ दिसत नाही का एवढी मोठी?" रंगारी किंचाळत होता. कानातली वायर लोंबत होती. "पाठ! पाठ आहे ही माझी, दाराची फट नाही!"

बाबा खाली उतरले होते.  "दिसली नाही," ते म्हणाले. "दिसली नाही हो." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते कोणाला खरं सांगत होते.

मॅडमने आधी रंगाऱ्याचा पाय चाचपून बघितला, मग त्याला सावलीत बसवलं आणि पाणी दिलं, आमच्याच जारचं. मग बाबांना परत सीटवर बसायला सांगितलं. स्वतः माझ्या सीटवर बसल्या आणि खिशातून पेन काढला.

"समोर बघा. मान हलवायची नाही. पेन दिसला की सांगा."

मी काचेसमोर उभी होते. पेन बाबांच्या डाव्या कानाजवळ होता. मग गालाजवळ आला. बाबा समोर माझ्याकडे बघत होते, अगदी मन लावून. पेन पुढे आला, आणखी पुढे आला. नाकाच्या रेषेत आला तेव्हा बाबा म्हणाले, "हा, दिसला!" आनंदाने म्हणाले हो. बरोबर उत्तर दिल्यासारखे.

मॅडमने पेन खाली घेतला. मग हाताने दाखवत म्हणाल्या, "म्हणजे इथपासून इथपर्यंत काहीच नाही?"

"तिथे मी बसते," मी म्हटलं.

"काय?"

"तिथे मी असते ना! रोज असते. मी बघते आणि सांगते. आजपर्यंत कोणाला खरचटलं नाही, विचारा कोणालाही. आज तुम्ही मला उतरवलंत म्हणून झालं हे!" माझा आवाज चढला होता. बाबा "ठिणगे, ठिणगे" करत होते. "आणि ते वळले कोणामुळे? तुम्ही हं म्हणालात म्हणून वळले!"

"मी कधी म्हटलं?"

"पॅडवर टिक मारताना. आरसा हं, इंडिकेटर हं. आमच्यात हं म्हणजे मोकळं आहे, घ्या."

मॅडमने पॅडकडे बघितलं. मग पांढऱ्या चाकाकडे. त्यांच्या तोंडावरचा रंगच उतरला.

"म्हणजे मघापासून गाडी मी चालवत होते," त्या म्हणाल्या. "खाली मान घालून."

मला वाटलं, आता पाघळतील. मी लगेच मऊ झाले. मला मऊ होता येतं, लोकांना माहीत नाही. "मॅडम, लायसन्सवर तसं लिहून द्या ना. मुलगी सोबत असेल तरच चालवायची. मी एक दिवस सुट्टी घेणार नाही. आजारी पडणार नाही. शप्पथ."

"आणि तू शिंकलीस तर?"

"ती शिंकत नाही, मॅडम," बाबा म्हणाले.

ते इतकं मनापासून म्हणाले की मॅडमने मान फिरवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काका, आज फक्त पाठ होती. रस्त्यावर पाठीवर दप्तर असतं. कार्ड द्या."

बाबांनी शर्टाच्या खिशातून लायसन्स काढलं. त्यावर त्यांचा जुना फोटो आहे, काळ्याभोर केसांचा, दोन्ही डोळे टक्क उघडे. त्यांनी ते दिलं, आणि दिल्यावरही हात तसाच पुढे धरून राहिले. मी एका शंकूला लाथ घातली. तो गडगडत जाऊन उभाच राहिला, मेला. लाथ मारून पडतही नाहीत ते.

टेम्पो आता बाबांना चालवता येणार नव्हता. मला तर नाहीच. कंगवा म्हणाला, "मी तुमचा टेम्पो घरी सोडतो. काका, बसा इकडे." त्याने डावं दार उघडलं. बाबा त्या सीटकडे बघत राहिले.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "आम्ही येतो चालत."

टेम्पो गेटातून बाहेर पडला. डाव्या चाकाने डांबरावर पांढरा ठिपका, पांढरा ठिपका, पांढरा ठिपका उमटवत गेला. रंगारी सावलीतून ओरडला, "अरे, माझा रंग चालला!" कोणी हसलं नाही.

आम्ही मोठ्या रस्त्यापर्यंत चालत आलो. बाबा उजवीकडे, मी त्यांच्या डाव्या हाताला. न ठरवता. फुटपाथच्या कडेला थांबलो. रस्ता एकेरी, गाड्या सगळ्या डावीकडून येत होत्या, एकामागून एक, आणि मी बघत होते, कारण डोळे दुसरं काही करायलाच तयार नव्हते. बाबा एकदा म्हणाले, "जार परत द्यायला हवेत." मग म्हणाले, "शर्ट चांगला इस्त्री केला होता तिने." 

फोन वाजला. आई. तीनदा वाजेपर्यंत मी नुसती बघत राहिले. मग उचलला.

"अगं, काय झालं? झाली का परीक्षा?" मागे कुकरची शिट्टी होत होती. "बोल ना गं! पास झाले ना?"

 नाही म्हणायचं होतं. काय निघालं ते मलाच कळलं नाही.

"हं," मी म्हटलं.

आणि बाबांनी पाऊल खाली टाकलं.

सरळ रस्त्यावर. ना डावीकडे बघणं, ना काही. मी हं म्हटलं होतं ना! मी त्यांच्या शर्टाची कॉलर पकडली आणि मागे खेचलं. शिवण फाटल्याचा आवाज आला. तेवढ्यात डावीकडून एक छोटा टेम्पो हॉर्न बोंबलत गेला, इतक्या जवळून की बाबांच्या बाहीचं कापड फडफडलं. आत एकटा ड्रायव्हर होता. शेजारची सीट रिकामी.

बाबा माझ्या अंगावर रेलून उभे होते. त्यांची छाती धडधडत होती, मला माझ्या दंडावर कळत होती.

"तू हं म्हणालीस," ते म्हणाले.

"आईला म्हटलं होतं," मी म्हटलं.

फोनमधून आईचा आवाज येत होता. ती शेजारणीला सांगत होती, "बघा, मी म्हटलं नव्हतं? पास झाले! मला माहीतच होतं!" आणि मग मला, "त्यांना दे ना फोन जरा. दे ना गं!"

मी फोन छातीशी दाबून धरला, म्हणजे त्यांना ऐकू जायला नको.

सिग्नल बदलला असावा. गाड्या संपल्या. मी डावीकडे बघितलं, पुन्हा बघितलं, पार लांबच्या वळणापर्यंत. सायकलसुद्धा नाही. बाबा कडेला उभे, फाटलेली कॉलर मानेवर, तोंड समोर. वाट बघत होते.

"आता?" ते म्हणाले.

रस्ता मोकळा होता. माझ्या तोंडातून काही निघेना.